शेवटचे साठ अंक

एक त्रिकोण. बिस्किटांच्या खोक्याची एक बाजू. पोहायला न शिकलेली मुलगी. साठपर्यंतचे आकडे. मेंढ्या रानात बसवून सिनेमाला आलेली माणसं.

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. वरचं सगळं माझंच आयुष्य आहे.

घाटनांदूरच्या जत्रेत आप्पारावांचा सिनेमाचा तंबू लागायचा. आपल्या देशात सिनेमाला सेन्सॉरचा दाखला लागतो. तेव्हा भुतांच्या सिनेमांना बहुधा ‘ए’ मिळे, म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. आता दाखल्यावर सात, तेरा, सोळा अशी वयंही येतात. पण तंबूत वय कोण विचारणार? बायका कडेवर लेकरं घेऊनच येत. म्हणून भयंकर प्रसंग आला की आप्पाराव मला यंत्राच्या भिंगापुढे धरत. पडदा काळा होई, आवाज मात्र चालू राही. पुरुष शिट्ट्या मारत, आया मला दुवा देत. मला अभिमान वाटे.

एका वर्षी विहिरीतल्या भुताचा सिनेमा आला. रिळांची पेटी एस.टी.नं संध्याकाळी पोचली, आधी पाहायला वेळ नव्हता. सिरसाळ्याच्या तंबूवाल्यानं तो दाखवलेला होता. तो म्हणाला, “शेवटी पोरगी विहिरीत पडती. तिथला दोर हलला की झाक बे, आन साठ मोज. भूत लई वंगाळ हाय.”

दोर हलला. आप्पारावांनी मला धरलं आणि ते मोजू लागले. अंधारात सिनेमातल्या एका बाईचं रडणं ऐकू आलं. मला बाजूला केलं तेव्हा पडद्यावर ‘समाप्त’ होतं. भिंगाच्या इतक्या जवळ चित्र उमटत नाही, नुसता उजेड पडतो. त्यामुळे मीही काही पाहिलं नाही.

पुढच्या जत्रेत कडूबाई नावाची मेंढपाळ बाई तंबूमागं आली.

“आप्पा, ती विहिरीतली पोरगी वाचली का?”

“ठावं न्हाई बाई. मी आकडे मोजत होतो.”

दरवर्षी ती विचारी. तिची अंजू त्या पोरीएवढीच होती. अंजूचे भाऊ पोहायला शिकले. अंजूला मात्र कडूबाईनं कधी विहिरीकडं फिरकू दिलं नाही.

तंबू बंद पडला. मी ट्रंकेत पडून राहिलो. परवा कडूबाई अंजूच्या मुलीला, वैष्णवीला, घेऊन आप्पारावांच्या अंगणात आली. त्या सिनेमाचं नाव माझ्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. वैष्णवीनं ते मोबाइलवर शोधलं. सुरुवातीच्या दाखल्यावर एक लहानसा त्रिकोण होता.

“आबा, त्रिकोण म्हंजी सेन्सॉरनं आधीच कापलेला,” तिनं वाचून सांगितलं.

सिरसाळ्याला कापलेले तुकडे परत जोडलेली प्रत गेली असावी. आमच्या प्रतीत शेवटी भूत नव्हतंच. वैष्णवीनं तो शेवट लावला.

दोर हलला. पोरगी दोराला धरून वर आली. तिला पदरात घेऊन आई रडू लागली.

कडूबाई आप्पारावांकडं वळली. “हे कावून झाकलं, आप्पा?”

“मला वाटलं, भूत हाय.”

“पस्तीस वर्सं बुडतीया ती माझ्या डोस्क्यात.”

आप्पारावांनी मला तिच्यापुढं केलं. “फाडून टाका.”

तिनं मला फाडलं नाही. मोबाइलवर ऊन पडत होतं, म्हणून मला आडोशाला धरलं. “वैष्णे, परत लाव. आन तुझ्या आईला बलाव.”

मित्रांनो, लेकरांना भीतीपासून जरूर जपा. पण झाकण्याआधी स्वतः पाहा, आणि झाकलंत तर शेवटी काय झालं ते त्यांना सांगा.

माझ्याआधी आप्पाराव भिंगापुढे नुसता हात धरत, आणि बोटांच्या फटींतून थोडं दिसत असे.