वरच्या खोलीतला गालिचा

“ताई, लाकूड की गालिचा, ते एकदा सांगून टाका. म्हणजे मला पुढचं बघता येईल.”

गालिचेवाला वरच्या खोलीत गुडघ्यांवर बसला होता. हातात टेप, कानावर पेन्सिल. जिला तो ताई म्हणत होता ती घरची सून दाराच्या चौकटीला टेकून उभ्या उभ्याच पेंगत होती. हॉस्पिटलात तिला सगळे सिस्टर म्हणत, आणि सासरेही थट्टेनं तिला सिस्टरच म्हणत. तिचं खरं नाव बहुधा फक्त पगारपत्रकावर उरलं होतं.

रात्रपाळी संपवून ती सकाळी आठला घरी यायची, दोन घास पोटात ढकलून खालच्या खोलीत अंग टाकायची, आणि नेमकं तेव्हाच डोक्यावर सुरू व्हायचं. ठक्, करकर. ठक्, करकर. ठक् ही सासऱ्यांची चार पायांची काठी आणि करकर ही वरच्या मजल्याची जुनाट फळ्यांची जमीन. पलंगापासून खिडकीपर्यंत, तिथून खालच्या रस्त्यावर एक नजर, आणि परत, अशा चाळीस फेऱ्या.

बरं, तक्रार करायची कुणाकडे? फेऱ्या तिनंच नेमून दिल्या होत्या. गेल्या वर्षी सासऱ्यांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तेव्हा पलंगाशी उभी राहून तिनंच त्यांना दरडावलं होतं, “बाबा, रोज चालायचं. दुखलं तरी चालायचं. या वयात पाय एकदा बसले की परत उठत नाहीत.” सासरे जन्मभर पाण्याचे मीटर वाचत दारोदार हिंडलेले. त्यांना चालायचा कसला कंटाळा! एकही फेरी चुकली नाही.

उपाय सगळे करून झाले होते. फेऱ्या दुपारवर ढकलल्या, तर जेवणानंतर त्यांना गरगरायचं. काठीच्या पायांना मोजे घातले, तर काठीच घसरली. खोल्यांची अदलाबदल करावी, तर बाथरूम वर. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. “कानात कापूस घाल,” एवढा सल्ला फोनवर देऊन तो मोकळा झाला. तिनं कापूसही घालून पाहिला. मग मागच्या आठवड्यात तिनं एका पेशंटची गोळी दुसऱ्याच्या ओठांपर्यंत नेली. ऐन वेळी लक्षात आलं म्हणून निभावलं. जमिनीचं काहीतरी करायचंच, हे त्या दिवशी ठरलं.

“फरक काय पडतो दोन्हींत?” तिनं जांभई दाबत विचारलं.

“लाकूड टिकतं, पुसायला सोपं. पण फळ्या आधी चार दिवस याच खोलीत ठेवाव्या लागतात. खोलीच्या हवेला सरावल्या नाहीत तर पुढं फुगतात. मग तोडणं, ठोकणं, आणखी तीन दिवस धरा. आणि आवाज कमी होईल, अगदी जाणार नाही.” त्यानं गालिच्याचा नमुना पुढं केला. “हा टाकायला एक सकाळ पुरे. खाली स्पंजाचा थर. वर हत्ती नाचला तरी खाली कळायचं नाही.”

हे ऐकूनच तिला झोप आली. गालिचेवाल्यानं मात्र कोपऱ्यातल्या काठीकडं पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला.

“पण आजोबा काठीवर चालतात ना? मग लाकूडच बरं, ताई. गालिच्याच्या लवेत काठी रुतते. पायही उचलून टाकावा लागतो. माझं नुकसान करून सांगतोय, लाकडाचं काम मी करत नाही.”

ती काही बोलायच्या आत सासरे पलंगावरून म्हणाले, “गालिचाच टाका हो. थंडीचे पाय गार पडतात माझे. मला मऊच आवडतं.”

“बाबा, नक्की?”

“अगं, खोली माझी की तुझी?”

सासऱ्यांना पायाखाली मऊ काही आवडल्याचं तिनं आजवर कधी ऐकलं नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं होतं, तेव्हाच आलं होतं. पण सात दिवसांचा पसारा आणि त्यातली ठोकाठोक डोळ्यांपुढं उभी राहिली आणि ती म्हणाली, “टाका गालिचा.”

करड्या रंगाचा गालिचा एका सकाळीत बसला. जाताना गालिचेवाल्यानं सगळी लव ब्रशनं खिडकीच्या दिशेला बसवून दिली. दुसऱ्या दिवशी ती ड्यूटीवरून आली, आडवी झाली, आणि उठली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. किती महिन्यांनी अशी झोप मिळाली, याचा हिशेबही तिला लागेना. डोळे भरून आले तिचे.

“फेऱ्या झाल्या का?” तिनं जेवणाचं ताट वर नेताना विचारलं. सासरे खुर्चीत पेपर वाचत बसले होते.

“झाल्या की. चाळीस.”

“मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही!”

“मग? त्यासाठीच तर टाकलाय.”

पुढे दीड महिना हेच चाललं. ती विचारायची, ते चाळीस म्हणायचे. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकटली. वॉर्डातल्या आयाबाई म्हणाल्या, “सिस्टर, माहेरी जाऊन आलात की काय!”

एका पहाटे वॉर्डात एक म्हातारी दाखल झाली. पायांच्या नुसत्या काड्या. सिस्टरनं तिच्या मुलाला फैलावर घेतलं. “दोन महिने आई झोपून आहे आणि तुमच्या लक्षात आलं नाही? रोज बघता ना तिच्याकडं?” मुलगा मान खाली घालून म्हणाला, “ती म्हणायची, बरी आहे.” सिस्टर घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्याच्यावर चरफडत होती.

घरी आल्यावर झोपण्याआधी ती धुतलेल्या चादरी ठेवायला वर गेली. सकाळचं ऊन तिरपं आत आलं होतं आणि गालिच्याची लव न् लव दिसत होती. पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत एक अरुंद पट्टा तुडवून चपटा झाला होता. पलंगापासून खुर्चीपर्यंत दुसरा. खिडकीकडं मात्र काही नव्हतं. तिकडची लव कोरी, ब्रश फिरवला त्या दिवशी होती तशीच.

सासरे पलंगावर पेपर वाचत बसले होते. ती चादरी मांडीवर घेऊन पलंगाशी बसली आणि त्यांचा पायजमा वर सरकवून पोटरी हातात धरली. हजारो पोटऱ्या धरलेला तो हात. पोटरीत काही उरलं नव्हतं.

“किती दिवस झाले, बाबा?”

सासऱ्यांनी पेपराची घडी केली. ती नीट बसेना, म्हणून पुन्हा केली.

“पहिल्याच दिवशी काठी अडकली. पडलो नाही हं, पलंगाला धरलं. मग म्हटलं, उद्या बघू.”

“मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगायचं? तू झोपली होतीस.” ते ओशाळून हसले. “घोरतेस तू, सिस्टर. वरपर्यंत येतं. इतकी गाढ झोपलेली तुला वर्षात ऐकली नव्हती. म्हटलं, राहू दे.”

तिला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. परक्याच्या आईसाठी तिनं पहाटे केवढं तोंड सोडलं होतं! ती रडली, चादरीत तोंड खुपसून, आवाज न करता. मग नाक पुसून उभी राहिली.

“उठा. माझ्या खांद्यावर हात टाका.”

ते उठले. एक पाऊल पडलं, दुसरं पडलं. तिसऱ्याला पाय लवेत घोटाळला. चौथ्याला गुडघ्यानंच दगा दिला. तिनं शिकल्याप्रमाणं त्यांना अलगद कमरेला धरलं आणि खाली बसवलं. त्यांना धाप लागली होती, म्हणून तीही शेजारी बसली. उद्या गालिचा उचलायला सांगायचं, लाकडाला सात दिवस लागोत नाही तर सत्तर, असं ती मनाशी म्हणत होती. पण त्या चार पावलांत तिच्या खांद्यावर केवढा भार आला होता, हेही तिला कळलं होतं. हे पाय आता परत उठायचे नाहीत, हे सांगायला तिला डॉक्टरची गरज नव्हती.

गालिच्यावर बसल्या जागेवरून खिडकीत फक्त आभाळ दिसत होतं. सासऱ्यांनी तिकडं पाहिलं.

“काय गं, खालचा रस्ता खणून ठेवला होता ना पाइपासाठी? बुजवला का त्यांनी?”

“बुजवला, बाबा. महिना झाला.”

“बरं झालं,” ते म्हणाले. “तुला येता-जाता त्रास व्हायचा.”