उजव्या बाजूचा बोल्ट

कल्याणच्या धर्मार्थ दवाखान्याची ॲम्ब्युलन्स म्हणजे लढाईतून उरलेला माल. उंच, चौकोनी, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी. शेताडीतून जायला तशी गाडी तालुक्यात दुसरी नव्हती, आणि ती चालवायला महिपत घागसारखा माणूस नव्हता. निदान श्रावणापर्यंत तरी सगळे असंच म्हणायचे.

त्या गाडीच्या सांगाड्याखाली पुढं एक पोलादी दांडी आडवी बसवलेली होती, तिची दोन टोकं दोन बोल्टांनी आसाच्या पट्ट्यांना जोडलेली. वळणावर गाडी एका अंगाला कलायला लागली की ही दांडी तिला धरून ठेवायची. सडकेवर ती हवीच. पण खाचखळग्यांत तीच आड यायची. एक चाक खड्ड्यात उतरू बघायचं, आणि दांडी त्याला पलीकडच्या चाकाशी बांधल्यासारखं वर धरून ठेवायची. मग चाक हवेत आणि गाडी जागच्या जागी. म्हणून वाट फारच वाईट असली की महिपत बोल्ट काढून दांडी मोकळी करायचा आणि सडकेला लागताना पुन्हा बसवायचा.

श्रावणात एकदा बसवायची राहिली. राहिली म्हणजे काय, आजाऱ्याचे नातेवाईक ओरडत होते, आणि महिपतलाही वाटलं, आता कल्याण कितीसं लांब आहे. पत्री पुलाच्या अलीकडच्या वळणावर गाडी अशी कलली की आतल्या अंगाची दोन्ही चाकं उचलली गेली. उलटली नाही, एवढंच. पण स्ट्रेचर निसटलं, आणि तापानं आधीच अर्धमेला झालेल्या म्हाताऱ्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

दवाखान्याचे चिटणीस अण्णा पेठे शांत माणूस. ते एवढंच म्हणाले, "महिपत, पुन्हा त्या दांडीला हात लावलास तर दुसरी नोकरी बघ."

नोकरी जाईल याची भीती होतीच, पण महिपतला त्याहून त्या म्हाताऱ्याच्या किंकाळीची भीती वाटायची. तेव्हापासून पुलाजवळ आलं की त्याचे तळहात ओले व्हायचे. गाडी बाहेर काढायची असली की त्याला घास जायचा नाही. बायको विचारायची, तर पोट बरं नाही म्हणून सांगायचा.

कार्तिकातली गोष्ट. सकाळी नऊच्या सुमाराला सायकलवरून एकजण धापा टाकत आला. मानपाड्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी बोरपाडा म्हणून वस्ती होती, तिथली रतन नावाची पोर दोन दिवस अडली होती. पहिलटकरीण. सुईणीनं हात टेकले होते. डॉक्टर एका ऑपरेशनमध्ये गुंतलेले, त्यांनी आतूनच सांगितलं, "घेऊन या तिला इथं, ताबडतोब." नर्स सुमतीबाई पेटी घेऊन महिपतच्या शेजारी येऊन बसल्या.

सडक होती तोवर ठीक चाललं. मानपाडा मागं टाकून गाडी डावीकडे बैलगाडीच्या वाटेला लागली. पावसाळ्यात चिखलात पडलेली चाकोरी आता वाळून दगडासारखी झाली होती. वस्ती हाकेच्या अंतरावर दिसत होती, आणि मध्ये ओहोळ आडवा. महिपतनं गाडी तिरकी घातली. पुढचं डावं चाक अधांतरी लटकलं, मागचं उजवं गरगर फिरायला लागलं. धूळ उडाली, गाडी तसूभर पुढं सरकली नाही.

"काय झालं?" सुमतीबाईंनी विचारलं.

"दांडी नडतेय, बाई."

सुमतीबाईंना श्रावणातलं माहीत होतं. त्या म्हाताऱ्याचं हाड त्यांनीच बांधलं होतं. त्यांनी विचारलं, "दुसरी वाट?"

"नाही. पलीकडच्या काठापर्यंत तिला खाटेवरून आणतील, पण या ओहोळातून उचलून नेताना किती हिसके बसतील, ते तुम्हीच सांगा."

महिपतनं गाडी सपाटीवर मागं घेतली, पाना काढला आणि गाडीखाली शिरला. डावा बोल्ट निघाला, उजवा निघाला. मोकळी टोकं त्यानं दोरीनं वर बांधून टाकली आणि बोल्ट सदऱ्याच्या खिशात घातले. पुन्हा ओहोळात उतरला तेव्हा चारही चाकं जमिनीला चिकटून, एक खाली एक वर, अशी हळूहळू पलीकडे गेली.

रतन एकोणीस-वीस वर्षांची असेल. ओरडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. सुमतीबाईंनी पोटाला हात लावला, नळी लावून बराच वेळ ऐकलं, आणि तोंडावर काही दिसू न देता म्हणाल्या, "चला." रतनचा नवरा सहदेव आणि दीर विश्राम यांनी तिला उचलून गाडीत डाव्या अंगाच्या फळीवर निजवलं. सासू आवडाबाई तिचा हात धरून तिथंच बसली.

ओहोळ पार झाला, सडक आली. महिपतनं गाडी थांबवली.

"कशाला थांबवली?" आतून आवडाबाई ओरडली.

"दोन बोल्ट लावायचेत, आई. आत्ता होतंय."

डावा बोल्ट सहज गेला. उजवा जाईना. गाडीतला सगळा भार डाव्या अंगाला आणि सडकेची कडही तिकडंच उतरती, त्यामुळे उजवं अंग उचललेलं. दांडीचं भोक आणि पट्टीचं भोक यांच्यात बोटभर अंतर पडलं होतं. महिपतनं पहारीनं ढकललं, पाठीवर पडून पायानं रेटलं. गाडी थोडी पुढं घेतली, पुन्हा खाली शिरला. बोटभराचं अर्धं बोट झालं, त्यापुढं नाही.

आतून रतनचा आवाज आला, बारीक, लहान मुलासारखा. सुमतीबाई खाली उतरल्या आणि वाकून म्हणाल्या, "महिपत, किती वेळ लागेल?"

"भोक जुळत नाही."

"मग राहू द्या. चला. मी सांगतेय, चला."

"बाई, ही दांडी नसली तर गाडी हळू न्यावी लागेल. बैलगाडीसारखी. नाहीतर पुलाजवळ…"

"मग हळू न्या!"

"हळू नेली तर तासभर लागेल. दांडी बसली तर पंचवीस मिनिटांत पोचवतो." आपण बोलतोय ते बरोबर आहे की आपण नुसते घाबरलोय, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. डोळ्यांत धूळ आणि घाम गेला होता. मागच्या वेळी थांबलो नाही म्हणून माणूस मोडला. या वेळी थांबलो म्हणून मेला तर?

आवडाबाईनं मागचं दार उघडलं. "डायवर, माझी सून मरतेय रं हितं! तुला गारी चालवाची हाय का नाय?"

महिपत गाडीखालून बाहेर आला. त्यानं सहदेवला आणि विश्रामला हाक मारली. "दोघं या उजव्या मडगार्डवर चढून बसा. सगळा भार टाका."

ते बसले. गाडी दबली. महिपत खाली शिरला. बोल्टाचं टोक भोकाला लागलं, पण आत जाईना. "आणखी जरा! अगदी जरासं!"

"आनखी मानूस कुठशी आनू?" सहदेव रडवेल्या आवाजात म्हणाला.

आवडाबाई दारातच उभी होती. तिनं एकदा सुनेकडं पाहिलं, सुमतीबाईंच्या हातात सुनेचा हात दिला, आणि लुगड्याचा ओचा खोचून खाली उतरली. साठीची बाई, पण भाताचे भारे वाहिलेली. पोराच्या खांद्याला धरून ती मडगार्डवर चढली आणि धाडकन बसली. डाव्या अंगाचं तिचं वजन कमी झालं, उजवीकडं वाढलं. बोल्ट आत गेला.

महिपतनं नट आवळला. घड्याळ पाहिलं. सगळी मिळून अकरा मिनिटं गेली होती.

मग त्यानं गाडी सोडली. एवढ्या जोरात त्यानं ती श्रावणापासून चालवली नव्हती. समोरून येणाऱ्या बैलगाड्या हॉर्न ऐकून शेतात उतरत होत्या. पत्री पुलाचं वळण दिसलं तसे त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसले. गाडी कलली, दांडीनं तिला धरलं, ती सरळ झाली. मागं कुणी ओरडलं नाही. तो मात्र पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत श्वास रोखून होता.

दुपारी एकच्या सुमाराला सुमतीबाई ओसरीवर आल्या. महिपत पायरीवर बसला होता.

"रतन वाचली," त्या म्हणाल्या. "मूल गेलं."

महिपत उभा राहिला. "बाई, ती अकरा मिनिटं…"

"नाही. डॉक्टर म्हणाले, काल संध्याकाळीच गेलं असावं. मलाही तिथं ठोके ऐकू आले नव्हते. पण मला ते ऐकू आले नव्हते म्हणून मी चला म्हणत होते असं नाही. रतन हातची जाईल याची मला भीती वाटत होती. आणखी अर्धा तास लागला असता तर तीही गेली असती, असं डॉक्टर म्हणतात."

महिपतनं मान हलवली. पटल्यासारखी हलवली, पण डोक्यातली अकरा मिनिटं काही केल्या जाईनात.

तो तसाच अण्णांच्या खोलीत गेला आणि उभ्यानंच सांगितलं, "अण्णा, मी दांडी काढली होती."

अण्णांनी चष्मा काढला. "पुन्हा बसवलीस?"

"बसवली."

"कुठं?"

"सडकेला लागताना. वेळ गेला त्यात. अकरा मिनिटं."

अण्णांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. त्याच्या कोपराचं सालटं निघालं होतं, सदऱ्यावर ग्रीस आणि माती. "तुला दांडीला हात लावू नको म्हणालो, ते चुकलंच माझं," ते म्हणाले. "तिथं गाडीखाली तू असतोस, मी नसतो. जा, हात धुऊन घे."

महिपतला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतके दिवस निदान हुकूम तरी अण्णांचा होता. आता जे होईल ते त्याचं एकट्याचं होतं.

बाहेर आवडाबाई उभी होती. हातात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं बोचकं, एवढंसं. सहदेव बायकोजवळ थांबणार होता. "आमाला घरा सोरशील का रं?" तिनं विचारलं. सकाळचा आवाज कुठल्या कुठं गेला होता.

तो तिला आणि विश्रामला घेऊन निघाला. ओहोळाच्या काठाशी गाडी थांबवून तो पाना काढायला वाकला, तशी आवडाबाईनं त्याच्या मनगटाला धरलं.

"नको. हितशी आमी चालत जाव." ती उतरली, बोचकं छातीशी धरलं, आणि म्हणाली, "सकालची मी वराडले तुज्यावं. मनात ठेवू नको."

"तुम्ही बसला नसता तर बोल्ट गेला नसता, आई," महिपत म्हणाला.

ती आणि विश्राम ओहोळात उतरली. पलीकडच्या काठावर चढताना विश्रामनं तिला हात दिला. दोघं वस्तीच्या कुडाआड दिसेनाशी होईपर्यंत महिपत तिथंच उभा होता. मग त्यानं सबंध दिवसात पहिल्यांदा डबा उघडला, मडगार्डला टेकून दोन घास खाल्ले, आणि गाडी कल्याणकडं वळवली.