ग्रहणाआधीचा ओठ

मी तुळशी, सायवन गावची आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका. माझा आवाज मोठा आणि राग नाकाच्या शेंड्यावर, हे सगळ्या पाड्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी मात्र मी हिराबाईच्या अंगणात शिरले ती आनंदाने ओरडतच.

हिराबाईच्या सुनेला, सुनिताला, चैत्रातल्या महालक्ष्मीच्या जत्रेनंतर मुलगी झाली होती. वरचा ओठ फाटलेला. जानेवारीतल्या ग्रहणात सुनिताने विळीवर सुके बोंबील कापले होते. झालं, हिराबाईने निकाल देऊन टाकला: ही ग्रहणाची खूण, हिला चाकू लावायचा नाही. ऑपरेशन फुकट होणार होतं, तरी पोरीला न्यायला कोणी तयार नव्हतं. सुनितालाही सासूचं खरंच वाटायचं. मला नुसता संताप यायचा.

त्याच दिवशी सकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं. पोटात बाळाचा चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येतो आणि वरचा ओठ दुसऱ्या महिन्यातच मध्ये जुळतो; तेव्हा नाही जुळला तर फट राहते. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी बोटांवर मोजलं. सुनिताचा दुसरा महिना नवरात्राआधी संपला होता, आणि ग्रहणाला सातवा चालू होता!

हे सगळं मी अंगणात सांगितलं, तशी हिराबाई हसली. पोटात कोण डोकावलंय, म्हणाली.

डोकावलंय की, सोनोग्राफीवाल्याने! मी पिशवीतली सुनिताची फाइल उघडली. डहाणूच्या सोनोग्राफीचा कागद इंग्रजीत होता, पण लिप म्हणजे ओठ एवढं मला कळतं. अक्षरं लावत वाचलं, तर ओठात फट असल्याचं तिथे चक्क लिहिलेलं. तारीख बारा डिसेंबर! ग्रहणाच्या दीड महिना आधीची! मी नाचायचीच बाकी होते.

"म्हणजे मी नाय केलं?" सुनिताने विचारलं, आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

हिराबाईने कागद हातात घेतला. मग मला म्हणाली, "हा कागद तुझ्याकडंच व्हता ना? तवाच सांगतीस, तर मी सुनेला बोलले नसते."

बाळाचे ठोके नीट आहेत ना, एवढं डहाणूला विचारून मीच तो न वाचता फाइलीत लावला होता. मी हळू आवाजात तसं कबूल केलं. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

हिराबाईने मला शिवी दिली नाही. तिने सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला विचारलं, "दवाखान्याची गाडी कवा येते?"