धुतलेले मशरूम

दवाखान्याच्या लाँड्रीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला न धुतलेली वस्तू घरात खपत नाही. लाँड्रीच्या सुपरवायझरला हाताखालचे लोक पाठीमागे धुलाईशेठ म्हणत. बायको तोंडावर म्हणे, "जमलं असतं तर यांनी मीठही धुऊन भरलं असतं."

त्याच्या धाकट्या बहिणीने घरामागच्या शेडमध्ये मशरूम लावले होते. पहिल्या तोडणीची पिशवी तिने दादाकडे पाठवली. दादाने मशरूम तीन पाण्यांनी धुतले, प्लॅस्टिकच्या डब्यात भरले, झाकण घट्ट लावलं आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. तिसऱ्या दिवशी उघडून पाहतो तर सगळे काळपट, बुळबुळीत. वासाने डोकं उठलं.

नेमकं दुसऱ्याच दिवशी दवाखान्याच्या कँटीनच्या मॅनेजरने त्याला विचारलं, "तुमच्या बहिणीचा माल कसा आहे हो? रोजचा लावायचा विचार आहे."

नात्यापायी खोटं बोलणं सुपरवायझरला कमीपणाचं वाटे. "बहीण असली तरी खरं सांगतो," तो म्हणाला, "तीन दिवसांत चिखल होतो." या खरेपणाचं त्याला दिवसभर स्वतःचंच कौतुक वाटत राहिलं.

रविवारी बहीण आली ती पडल्या चेहऱ्याने. "कँटीनने नाही म्हटलं, दादा. कुणा जळकुट्याने सांगितलं म्हणे, माझा माल टिकत नाही. त्यांच्या भरवशावर मी मशरूमच्या बियाण्याच्या वीस बॅगा जास्तीच्या लावून बसलेय."

बायकोने चहा गाळता गाळता नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर पुन्हा गाळणीवर नेली.

बहिणीने आजही कागदी पिशवी आणली होती. ती फ्रिजकडे वळली तसा तो म्हणाला, "थांब, आधी धुऊन घेऊ."

"धुऊन?" ती जागच्या जागी थबकली. "मागचे धुतले होतेस?"

"तीन पाण्यांनी."

"आणि ठेवलेस कशात?"

त्याने डबा दाखवला.

"अरे देवा! मशरूम पाणी पितात, दादा. त्यात वर घट्ट झाकण, मग सडणार नाहीत तर काय? माती नुसती पुसायची, कागदी पिशवीत ठेवायचे, तोंड जरा उघडं. धुवायचे ते चिरायच्या वेळी. आठवडाभर बघायला नको." मग तीच हसली. "जाऊ दे, तुला कुठून माहीत असणार! खराब झाले तर सांगायचंस तरी मला."

तिने समजून घेतलं तसे त्याचे कान जास्तच तापले. गप्प राहिला असता तर खपूनही गेलं असतं. बायको काही बोलली नसती.

"तो जळकुटा मीच," तो म्हणाला.

बहीण पिशवीचं तोंड दुमडत होती. तिचे हात थांबले. ती म्हणाली, "एक फोन करायचास मला. आता सांगणार असशील तर तिथेच सांग. सगळ्यांसमोर."

सोमवारी जेवणाच्या रांगेत, हातात ताट धरून, त्याने सांगितलं. डब्यासकट सगळं.

"महिनाभराचं दुसऱ्याला देऊन बसलो हो," मॅनेजर म्हणाला. "पुढच्या महिन्यात बघू."

मागून कुणीतरी ओरडलं, "धुलाईशेठनी बहिणीलाच धुतली की!" अख्खी रांग हसली. तो ताट तसंच ठेवून बाहेर आला आणि बहिणीला फोन लावला.

"सगळ्यांसमोर सांगितलंस?"

"हो."

"हसले?"

"हसले."

"बरं झालं," ती म्हणाली. वीस बॅगांचं आता काय करणार, हे विचारायला त्याने तोंड उघडेपर्यंत तिने फोन ठेवला होता.