ओव्याला लागलेला बोल

मित्रांनो, मी एक जुना फवारणी पंप आहे. पाठीवर अडकवून, एका हातानं दांडा हलवत आणि दुसऱ्या हातानं नळी फिरवत ज्यानं पिकावर औषध मारतात, तो. जुन्या वस्तू आपली गोष्ट शांतपणे सांगतात म्हणे. मला ते जमणार नाही. माझा राग अजून गेलेला नाही.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात ओतलं आणि माझी पिवळी टाकी तयार झाली. मग नळी आली, दांडा आला, तोंडाला पितळी नोझल बसलं. सांगलीच्या एका दुकानातून तवनाप्पा नावाच्या शेतकऱ्यानं मला विकत घेतलं आणि मोटरसायकलला बांधून कृष्णाकाठच्या आपल्या गावी आणलं. वांगी, दोडका, टोमॅटो, सगळ्यांवर मी फवारणी केली. तवनाप्पा काम संपलं की मला साबणाच्या पाण्यानं विसळायचे, नळीतून स्वच्छ पाणी सोडायचे आणि उलटा करून सावलीत टांगायचे. "पंप निर्मळ तर पीक निर्मळ," असं स्वतःशीच पुटपुटायचे. ते ऐकून माझी टाकी अभिमानानं भरून यायची.

पुढे त्यांचे गुडघे गेले आणि मी त्यांच्या थोरल्या सुनेच्या, चंदनबालाच्या, पाठीवर आलो. तिचा नवरा सांगलीत हळदीच्या पेठेत कामाला. घरचा ऊस धाकटा दीर जिनेश बघायचा आणि टोमॅटो ही बघायची. दर पावसाळ्यात टोमॅटोवर करपा यायचा. तो बुरशीचा रोग. आधी खालच्या पानांवर तपकिरी ठिपके, मग पानं वाळून खडखडीत, मग फळावर डाग. त्यासाठी मी बाजारची औषधं मारायचो. फवारल्यावर काही दिवस फळ तोडायचं नसतं, पण पिकलेला टोमॅटो थांबतो थोडाच? चंदनबाला नाइलाजानं तोडायची. आपण विकतो ते आपल्या घरात शिजवताना आपला हात थबकतो, हे तिला सलायचं.

एका शेती मेळाव्यात तिनं ऐकलं की लसणात आणि ओव्यात बुरशीला रोखणारे घटक असतात. घरी येऊन तिनं सासऱ्यांना सांगितलं. तवनाप्पा जैन, व्रतवैकल्यं पाळणारे. त्यांनी मान हलवली.

"लसूण या उंबऱ्याच्या आत न्हाई यायचा. आपुन खात न्हाई ते झाडांना पाजायचं व्हय?"

"मग ओवा घेते, आप्पा. ओवा तर चालतोय न्हवं?"

"ओवा चालतोय. पर बुरशी म्हंजे बी जीवच की गं."

"टोमॅटोत बी जीव हायच की, आप्पा. आनि बाजारच्या औषधानं तरी बुरशी मरतीयाच न्हवं?"

तवनाप्पांनी सावलीत टांगलेल्या माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "कर. पर पंप धूत जा."

ओवा कुटायचा, झाकण ठेवून उकळायचा, निवला की गाळायचा आणि थोडं साबणाचं पाणी घालून उन्हं उतरल्यावर फवारायचा, अशी तिची रीत. पहिल्यांदा तिनं गाळायला चहाची गाळणी वापरली. माझं नोझल दर सरीला चोंदायचं. ती बिचारी ते काढून फुंकर मारायची, पुन्हा लावायची, पुन्हा चोंदायचं. शेवटी जुन्या सुती साडीची घडी करून तिनं अर्क गाळला आणि माझ्या तोंडातून कसा झुळझुळीत फवारा निघाला! आयुष्यभर उग्र वास पोटात साठवणाऱ्या मला पहिल्यांदाच स्वयंपाकघराचा वास आला. मित्रांनो, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ.

करपा पुरता गेला, असं मी खोटं सांगणार नाही. पण ठिपके दिसायच्या आधीपासून नेमानं मारलं, तर तो पुढं सरकेना. जास्त पावसात पुन्हा मारावं लागायचं. दोन हंगाम चंदनबालानं हे मोजक्याच सऱ्यांवर करून पाहिलं. बांधापलीकडची रंगूबाई रोज वाकून बघायची. एक दिवस तिनंच विचारलं, "चंदना, माज्या बी रानात मारून देतीस का गं? त्या औषधांनी हातावर लय चट्टं उटत्यात बघ."

"देते की, मावशी. सगळ्या रानात एकदमच मारूया औंदा."

दोघींच्या रानात टोमॅटो गुडघ्यापर्यंत आले होते, फुलं धरली होती. आणि नेमकं तेव्हाच ते घडलं.

जिनेशच्या पंपाचा दांडा तुटला. उसात तण माजलं होतं. त्यानं कुणाला न विचारता मला खुंटीवरून काढलं आणि माझ्यात तणनाशक भरलं. उसात उगवणारं रुंद पानांचं तण जाळणारं ते औषध. उसाला ते काही करत नाही. पण टोमॅटोचं पानही रुंदच, आणि या औषधाचा नुसता अंश टोमॅटोला पुरे होतो. दिवसभर मी उसात फिरलो. संध्याकाळी जिनेशनं माझ्यात तांब्याभर पाणी ओतलं, एकदा हिंदकळवलं, फेकलं आणि मला परत खुंटीला अडकवलं. नळीतलं औषध नळीतच राहिलं. वॉशरमध्ये भिनलेलं तिथंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी चंदनबालानं मला उतरवलं, तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. अगं, झाकण उघडून वास तरी घे! पण तिच्या कडेवर ओव्याच्या अर्काची घागर होती, तिच्या नाकात तोच वास भरला होता, आणि पंप आपण धुऊन ठेवलेलाच आहे अशी तिची खात्री होती. तिनं मला भरलं. तिनं दांडा हलवला. आणि जे माझ्या पोटात होतं, ते मी तिच्या लाडक्या झाडांवर सोडत गेलो. पंपाला थांबता येत नाही, मित्रांनो. तिचं रान झाल्यावर तिनं मला रंगूबाईच्या रानात नेलं.

थोड्याच दिवसांत पानं वळायला लागली. करप्यासारखी नव्हे. शेंडे पिळवटल्यासारखे वाकडे झाले, पानं दोऱ्यासारखी बारीक झाली, फुलं गळाली. रंगूबाई बांधावर आली आणि कपाळावर हात मारून खाली बसली.

"काय पाजलंस गं माज्या झाडांना? चांगली हसत व्हती की!"

बातमी गावभर झाली. पारावर, दूध संस्थेत, चक्कीवर एकच बोलणं. ओव्याच्या पाण्यानं पीक जाळलं. कुणी म्हणालं, ओवा उष्ण पडला. कुणी म्हणालं, शेती म्हणजे काय पोटदुखीचा काढा आहे? एकानंही पंपाचं नाव घेतलं नाही. मी खुंटीवर टांगलेला सगळं ऐकत होतो. घरात तवनाप्पा जेवता जेवता म्हणाले, "माजंच चुकलं, हो म्हनालो." चंदनबालानं उरलेला ओवा उचलला आणि उकिरड्यावर उपडा केला. जिनेश समोरच बसला होता. त्याच्या ध्यानातच नव्हतं. याचाच मला जास्त संताप येतो. त्यानं मुद्दाम केलं नव्हतं, आणि तरी सगळं झालं होतं.

मग एका सकाळी चंदनबाला वाळलेली झाडं उपटायला गेली. उपटत उपटत ती विहिरीकडच्या टोकाला पोचली आणि थांबली. तिथली झाडं हिरवीगार होती. फवारणीच्या दिवशी घागरीच्या तळाला थोडा अर्क उरला होता. पंपात भरण्याइतका तो नव्हता, म्हणून तिनं कडुलिंबाच्या डहाळीनं तो या झाडांवर शिंपडला होता. अर्क तोच, दिवसही तोच. मग ही झाडं कशी जगली?

ती धावतच गोठ्यापाशी, माझ्या खुंटीकडे आली. मला खाली काढलं, झाकण उघडलं आणि नाक आत घातलं. या वेळी तिच्या नाकात ओवा नव्हता.

"भावजी! हा पंप तुमी नेला व्हता?"

जिनेश वैरण टाकत होता. "व्हय वैनी. उसात एकदाच."

"काय मारलं?"

"तणनाशक. पर धुतला व्हता की."

"कशानं? नळीतनं पानी सोडलं व्हतं?"

जिनेशच्या हातातली वैरण खाली पडली. त्याच दिवशी तो रंगूबाईकडे गेला, सगळं सांगितलं, आणि तिच्या रानातली झाडं स्वतः उपटून बाहेर टाकली. रंगूबाई ऐकून घेत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "आता कळून काय उपेग, बाबा? हंगाम गेला की."

गावानं तर ऐकूनसुद्धा घेतलं नाही. ओव्यानं पीक जाळलं ही गोष्ट चटपटीत होती. पंप धुतला नव्हता, ही गोष्ट कोण सांगत बसणार? आजही तुम्ही पारावर विचारा, लोक ओव्यालाच बोल लावतील.

चंदनबालानं नवा पंप आणला. माझ्या पोटावर तिनं लाल रंगानं मोठी फुली मारली आणि मला उसाच्या खोपीत नेऊन ठेवलं. तिथून टोमॅटोची सरी दिसते. ती पुन्हा ओवा उकळते, पुन्हा फवारते. परवा रंगूबाई बांधावर आली, जरा घुटमळली आणि म्हणाली, "चंदना, ओवा किती घेतीस गं घागरीला?"

चंदनबालानं ओव्याचं नंतर सांगितलं. आधी तिनं विचारलं, "मावशी, तुमच्या पंपात ह्येच्या आधी काय व्हतं?"

मित्रांनो, हा एक प्रश्न तुम्हीही विचारत जा. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि भाजीचा वेगळा. आणि कधी उसाच्या खोपीत मी दिसलो, माझी दया आली, धुऊन-पुसून मला पुन्हा टोमॅटोवर न्यावंसं वाटलं, तर तेवढं करू नका. मला तिकडे जायची फार इच्छा आहे. तरीही नेऊ नका.