साल्वादोरचा कान

आचऱ्याच्या साल्वादोरची आंब्याची बाग होती. त्याचा उजवा कान ऐन मोहोरात खाजायला लागला. आधी त्याने तो मोटारसायकलच्या चावीने कोरला, मग चष्म्याच्या काडीने. आठवड्याभरात कान ठणकू लागला, काळपट पाणी आलं आणि ऐकू येणं जवळजवळ बंद झालं. रविवारचं प्रवचन चुकल्याचं त्याला दुःख नव्हतं. "फादर दर वर्षी ताच सांगता," तो म्हणायचा.

शेवटी बायकोने, ईडाने, त्याला मालवणला डॉक्टर संजनांकडे ओढून नेलं. कानात बुरशी निघाली. त्यांनी थेंब दिले, पण पंधरा दिवसांत बुरशी जागची हलली नाही. वैतागून साल्वादोरने आंब्यावर भुरी पडली की मारायचं औषध झाकणात ओतलं.

"झाडाची बुरशी जाता, मगे कानाची कित्याक जावची नाय?"

ईडाने झाकण हिसकावलं. "तू काय आंबो आसस रे, मेल्या?"

डॉक्टरांनी कानातला मळ तपासायला पाठवला. रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, "बागेत काय फवारता?" ईडाने औषधाचा फोटो दाखवला.

"तुमचे थेंब आणि हे, दोन्ही एकाच कुळातले," डॉक्टर म्हणाल्या. "फवारणीत बरीच बुरशी मरते. जी तगते, तिचीच पिलावळ पाचोळ्यात वाढते. ती माणसाच्या अंगात शिरली की आमचंही औषध तिच्यावर चालत नाही."

"म्हणजे माझ्याच बागेतली?"

"ते सांगता येणार नाही. वारा कुठूनही आणतो. किती वेळा मारता?"

"तीनदा."

"सातदा," ईडा म्हणाली. "ताय डबल डोस. जरा ढग इलो की ह्येचो हात थांबणा नाय."

"कानात आहे हे नशीब समजा. टीबीने खराब झालेल्या फुप्फुसात ती बसली, तर फार जड जातं."

ईडाचा टीबी दोन वर्षांपूर्वीच बरा झाला होता, आणि बागेतला पाचोळा रोज तीच झाडायची.

दुसऱ्या दिवसापासून तोंडाला मास्क लावून साल्वादोरने झाडू हातात घेतला. कृषी अधिकाऱ्याला विचारून त्याने दाट फांद्या छाटल्या, त्या औषधाऐवजी गंधक आणलं आणि भुरी दिसेल तेव्हाच, सांगितलं तेवढंच मारलं. डॉक्टरांनी ईडाच्या छातीचा फोटो काढायला लावला. तो स्वच्छ निघाला. साल्वादोरचा कान मात्र सहा वेळा साफ करून, वेगळ्या जातीचं औषध घालून, एप्रिलात बरा झाला.

त्या हंगामात दोन कलमांचा मोहोर भुरीने खाल्ला. शेजारचा बाबली कुंपणावरून हसला, "कान तुजो, आणि भोगता आंबो!"

"दोन कलमांचो मोहोर गेलो तर गेलो," साल्वादोर म्हणाला. "दुसरी बायल खंयसून हाडू?"

ईडा मागेच उभी होती. "शोधून बघ," ती म्हणाली, "कोण घेता तुका!"