डबल टीप

"अहो बाई, पाय आवरा की जरा!"

पुढच्या रांगेतले टक्कलवाले गृहस्थ मान वळवून कुजबुजले. हे आपल्यालाच आहे, हे ताईच्या लक्षात आले नाही. शेजारी बसलेल्या इस्त्रीवालीने कोपराने ढोसले, तेव्हा तिने खाली पाहिले. तिचा उजवा पाय त्या गृहस्थांच्या खुर्चीच्या आडव्या दांडीवर होता आणि खुर्ची हलत होती.

"चुकलं हं," ताई म्हणाली आणि पाय मागे घेतला.

गृहस्थ पुन्हा सरळ बसले. त्यांच्या कोटाच्या पाठीवर एक धागा लोंबत होता. तो तोडावा असे ताईच्या मनात आले आणि आले तसे गेलेही. रंगमंचावर तिचा धाकटा भाऊ डोळे मिटून गिटार वाजवत होता. रविवारची सकाळ होती आणि नगर सभागृह भरले होते. बाहेरच्या फलकावर भावाच्या फोटोखाली छापले होते, 'जॅझ गिटार, आणि सोबत सगळं जग.' वाळवंटातले ताल, बेटांवरची गाणी, डोंगरातल्या मेंढपाळांच्या धुना, असे सगळे तो म्हणे आपल्या सहा तारांत आणून बसवतो. लोक तिकीट काढून ऐकायला येत. ताईसाठी तो बारक्याच होता.

"अगं, परत हलवतेयस," इस्त्रीवाली कानाशी लागली. "ते टक्कल बघ, कसं लाल झालंय."

ताईने पाय पुन्हा मागे घेतला. तिच्या डोक्यात उद्या द्यायच्या एका पँटची चेन होती.

तिचे कपडे दुरुस्तीचे दुकान होते. उंची कमी करणे, कंबर सैल करणे, चेन बदलणे, अस्तर लावणे. इस्त्रीवालीचे दुकान भिंतीला भिंत लागून, त्यामुळे एकीच्या घरातले दुसरीला सांगावे लागत नसे. आजही तीच ताईला ओढून घेऊन आली होती. "सख्खा भाऊ गावात वाजवतोय आणि तू चेन लावत बसणार? उठ!"

खरे तर ताई येणारच होती. गेल्या आठवड्यात बारक्याचा फोन आला होता.

"ताई, शेवटचा तुकडा तुझ्यासाठी आहे. अजून कुठेच वाजवला नाही. आधी तू ऐक."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुलाच कळेल. तू म्हणालीस तर ठेवेन. नाही म्हणालीस तर संपलं, परत त्याचं नाव काढणार नाही."

"बरं."

"नुसतं बरं नको ना म्हणूस."

"मग काय म्हणू?"

त्यावर त्याने फोन ठेवला होता. आई गेल्यापासून दोघांचे बोलणे असेच चालायचे.

आईची एक बाजू लुळी पडली, तेव्हापासून ताईनेच सारे केले. कूस बदलणे, भरवणे, अंग पुसणे आणि त्यातून वेळ काढून दुकान. बारक्या लांबून फोनवर आईला गिटार ऐकवायचा. शेवटी शेवटी ताईने निरोप धाडला, "आता ये." तो म्हणाला, "एवढा कार्यक्रम उरकतो आणि निघतो." तो पोहोचला तेव्हा इकडचेही सगळे उरकले होते. दारात बॅग घेऊन तो ताईकडे बघत उभा राहिला. तिने एक ठेवून दिली असती तर त्याने ती मुकाट्याने खाल्ली असती. ताई म्हणाली, "जेवलास का?"

तिला रडूही आले नाही. लोक म्हणाले, बाई मोठी खंबीर. खंबीर वगैरे काही नव्हते, हे ताईला ठाऊक होते. झोपेत हात अंगाखाली राहिला की तो आपला राहत नाही. चिमटा काढला तरी दुसऱ्या कुणाला काढल्यासारखा वाटतो. तिचे आतून तसे झाले होते. आता मुंग्या येतील आणि मग जाग येईल, म्हणून तिने बरेच दिवस वाट पाहिली. मुंग्याही आल्या नाहीत.

शिवणकाम तिला आईनेच शिकवले होते. मशीन चालले की कापडावर टाक्यांची जी रेघ उमटते तिला टीप म्हणतात. आईची टीप पट्टीने आखल्यासारखी असायची. शिवणीच्या टोकाला आली की ती थांबायची, कापड उलटे फिरवायची आणि चार टाके आल्या वाटेने परत मारायची. "ही डबल टीप," ती सांगायची. "आपण नसलो तरी उसवत नाही." लहानपणी ताईच्या बोटात सुई घुसली आणि तिने भोकाड पसरले, तेव्हा बोटाला चिंधी बांधत आई म्हणाली होती, "टिपं नंतर गाळ. आधी टीप सरळ मार."

बारक्या तर मशीनखालीच वाढला. पायडलशेजारी चादर टाकली की तो गाढ झोपायचा. मशीन थांबले की जागा व्हायचा आणि ओठ काढायचा. म्हणून आई टोकाला थांबली तरी फार वेळ थांबत नसे.

आई अंथरुणाला खिळली त्याच सुमारास त्या मशीनचा पट्टा तुटला. ताईने मोटरचे मशीन घेतले. जुने भिंतीला गेले आणि त्याच्यावर दोऱ्यांचे खोके आले.

टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा ताई भानावर आली. शेवटचा तुकडा संपला होता. तिने तो ऐकला नव्हता असे नाही. एक लांब, एकसारखी धावणारी धून होती. मध्येच थांबायची, थोडी मागे यायची आणि पुन्हा सुटायची. मग चढत चढत ती अगदी टिपेला गेली आणि तिथेच तुटली. त्या वेळी इस्त्रीवालीने ताईचा दंड गच्च धरला होता. तेही ताईला जरा उशिराच कळले.

बाहेर व्हरांड्यात कॉफी होती. लोक कागदी पेले सांभाळत एकमेकांना आपापले ऐकलेले सांगत होते.

"मला तर बाई आगगाडी दिसली," इस्त्रीवाली डोळे पुसत म्हणाली. "मी लग्न करून निघाले ना, तीच. पुलावर जरा थांबली होती, तिथपर्यंत सगळं तसंच."

"आगगाडी कसली!" शेजारचे एक म्हातारे म्हणाले. उभा जन्म त्यांनी प्रवासी बोट चालवली होती. "ते बोटीचं इंजिन आहे. धक्क्याला लागताना असंच करावं लागतं. बंद, जरा उलटं, परत चालू. आमच्या धक्क्यावर येऊन ऐकून गेला असणार पोरगा."

"नाही हो काका, उंटाच्या चालीचा ताल आहे तो," पाठीवर पिशवी अडकवलेली एक मुलगी म्हणाली. "वाळवंटातले लोक वाजवतात. मी शिकतेय ना."

"उंट मागे चालतो का गं?"

मुलीने पिशवी सावरली. पलीकडे एक बाई नवऱ्याला सांगत होती, "छान होतं, पण टाळी कुठे वाजवायची तेच समजेना."

"तुला झोप लागली होती."

"तुम्ही घोरत असताना? कशी लागेल?"

ताई हे सगळे ऐकत होती. प्रत्येकाला काहीतरी सापडले होते. तिने आपले चाचपून पाहिले. पेला गरम आहे, एवढेच हाताला कळत होते.

लोकांचे हात हातात घेत, मान डोलवत बारक्या वाट काढत आला. त्याचे केस घामाने चिकटले होते आणि कोटाच्या बाहीतून अस्तर बाहेर लोंबत होते. त्याला बघताच इस्त्रीवालीने हातातला भरलेला पेला दाखवून "मी कॉफी आणते हं" म्हटले आणि ती सटकली.

"कसं वाटलं, ताई?"

"चांगलं वाजवलंस."

"ते नाही विचारलं मी."

काहीतरी गोड सांगून टाकावे, असे तिला वाटले. पण लहानपणापासून त्याच्याशी खोटे बोलणे तिला कधी जमले नव्हते.

"खरं सांगू? काही नाही वाटलं रे."

त्याने मान हलवली. "काय होतं ते तरी कळलं?"

"नाही."

तो एक पाऊल जवळ आला. मग हळू आवाजात म्हणाला, "रागव तरी माझ्यावर. मला येता आलं असतं. तुला माहितेय, मलाही माहितेय. चार शिव्या घाल, सगळ्यांसमोर घाल."

"शोधला मी राग," ताई म्हणाली. "नाही सापडला."

"मग नको तो तुकडा."

"तुझं तू ठरव ना."

"नाही. तू ठरवायचं, असं ठरलं होतं."

तेवढ्यात टक्कलवाले गृहस्थ दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले.

"हे बघा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी कळतं तेव्हापासून जॅझ ऐकतोय. रेकॉर्ड ठेवायला जागा हवी म्हणून मी बायकोचं कपाट बाहेर काढलं. तिकडचं थोडं, इकडचं थोडं, ही सरमिसळ मला पटत नाही. सुरुवातीचं ठीक होतं. पण शेवटी तुम्ही चक्क अडखळत होतात! सुरेख लय धरायची आणि मध्येच थांबून मागे यायचं. एकदा झालं तर समजू शकतो. दर वेळी?"

"ते तसंच आहे," बारक्या म्हणाला.

"असेल. आणि त्यात या बाई!" त्यांनी ताईकडे बोट केले. "आख्खा तुकडाभर माझी खुर्ची हलवत होत्या. सांगून दमलो. बरं, नुसती हलवली तर एक वेळ चालेल. तुम्ही थांबलात की यांचा पाय थांबायचा. तुम्ही मागे आलात की यांचेही चार ठोके. एकदोनदा तर तुमच्याही आधी! ठरवून आल्यासारखं! मी माणूस आहे हो, ढोल नाही."

ते पुढे गेले. बारक्या ताईच्या पायांकडे बघत होता. ताईनेही खाली पाहिले. साधे काळे बूट होते, उजव्याचे टोक जरा जास्त झिजलेले. दुरुस्तीला कुणी ठेवून गेलेली वस्तू पाहावी तशी ती त्या बुटाकडे बघत राहिली.

इस्त्रीवाली आणखी एक पेला घेऊन आली. "काय शोधताय? काही पडलं का खाली?"



"कोट काढ," ताई बारक्याला म्हणाली.

"का?"

"अस्तर सुटलंय. असा हिंडतोस चार लोकांत?"

दुकान पाठीमागच्या गल्लीतच होते. ताईने शटर अर्धे वर केले आणि दोघे वाकून आत शिरले. मोटरचे मशीन खिडकीशी तयारच होते, त्यात काळा दोराही ओवलेला होता. ताईने तिकडे बघितले नाही. तिने जुन्या मशीनवरचे खोके एकेक करून खाली ठेवले, फडक्याने धूळ पुसली आणि सुईत दोरा घातला.

"याचा पट्टा तुटलाय ना?" बारक्या म्हणाला.

"चाक हाताने फिरतं. तू फिरव."

तो मशीनच्या बाजूला उभा राहिला. ताईने बाही सुईखाली धरली. चाक फिरले आणि तो आवाज सुरू झाला. आधी अडत, मग एकसारखा. खाली ताईचे पाय आपोआप पायडलवर गेले होते आणि चालत होते. पट्टा नसल्याने त्यांचे वर काहीच पोहोचत नव्हते. सुई बारक्याच्या हाताच्या जोरावर चालली होती.

मध्येच चाक हिसके द्यायला लागले. ताईने मान वर केली. बारक्याचे सगळे तोंड ओले झाले होते आणि तो खांद्याला गाल पुसत होता.

"टिपं नंतर गाळ," ताई म्हणाली. तिचा आवाज सपाटच होता. "टीप वाकडी होतेय."

त्याने नाक ओढले आणि चाक नीट धरले. शिवणीच्या टोकाला सुई आली तेव्हा तो न सांगता थांबला. ताईने बाही उलटी फिरवली. त्याने चार टाके परत मारले. ताईने दोरा तोडला.

"तू नाही मारलीस," ती म्हणाली.

"काय?"

"शेवटी डबल टीप. वाजवताना दर वेळी मागे आलास आणि शेवटीच नाही आलास. टिपेला गेलास आणि तसंच सोडून दिलंस. उसवेल ते."

बारक्याने चाकावरचा हात काढला. "घाई झाली," तो म्हणाला.

"तुला घाईच असते," ताई म्हणाली. "आईलाही माहीत होतं. शेवटपर्यंत म्हणत होती, त्याला घाई असेल."

हे तिने आजवर कुणाला सांगितले नव्हते. बारक्याने तुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. बाहेरून कुणाची तरी सायकल खडखडत गेली.

"मारतो," तो म्हणाला.

"मार. आणि मग ठेव."

तिने कोट झटकला आणि त्याच्या पुढे धरला. त्याने तो घातला, बाहीत हात घालून शिवणीवरून बोट फिरवले. ताई खोके उचलायला म्हणून उठली आणि मशीनची कड धरून लगेच खाली बसली.

"काय गं? काय झालं?"

"काही नाही," ताई म्हणाली. ती बूट काढत होती. "थांब जरा. पायाला मुंग्या आल्यात."